गिरणीच्या दारातला निरीक्षक

कलकत्त्यात १८६३ साली वाफेच्या बॉयलरचा मोठा स्फोट झाला, माणसे दगावली आणि पुढच्याच वर्षी बंगालच्या कायदेमंडळाने बॉयलरची तपासणी सक्तीची केली. त्या बॉयलरच्या वाफेवर चालणाऱ्या यंत्रांपुढे जी माणसे दिवसभर उभी असत, त्यांच्यासाठी तपासणीची तरतूद व्हायला मात्र आणखी सतरा वर्षे लागली. पहिला भारतीय कारखाना कायदा आला तो १८८१ मध्ये. हे अंतर योगायोगाने पडलेले नाही. बॉयलर फुटला तर मालकाची इमारत कोसळते, आसपासच्या वस्तीला धोका पोचतो आणि विम्याचा प्रश्न उभा राहतो. कामगाराचा हात पट्ट्यात सापडला तर साचा काही मिनिटे थांबतो आणि दुसरा माणूस आला की पुन्हा सुरू होतो. बॉयलर सुरक्षित असावा ही मालकाचीही गरज होती. माणूस सुरक्षित असावा ही गरज मालकाला बाहेरून कोणी तरी जाणवून द्यावी लागली. हे काम ज्याच्यावर सोपवले गेले तो कारखाना निरीक्षक. मुंबईच्या गिरण्यांचा दीडशे वर्षांचा इतिहास वाचताना एक गोष्ट वारंवार समोर येते. कायद्यात कलमे किती आहेत यावर कामगाराचा जीव फारसा अवलंबून नव्हता. निरीक्षक आत शिरतो का, न सांगता शिरतो का आणि आत गेल्यावर कामगार त्याच्याशी निर्भयपणे बोलू शकतो का, यावर तो अवलंबून होता. या तीनपैकी एक गोष्ट जरी नसली, तरी कायदा कागदावरच राहिला.

कावसजी नानाभाई दावर यांनी ताडदेवला काढलेली गिरणी १८५६ मध्ये सुरू झाली. पुढच्या वीस वर्षांत मुंबईत ठिकठिकाणी गिरण्यांच्या चिमण्या दिसू लागल्या. या गिरण्यांत कामाच्या तासांना घड्याळाची मर्यादा नव्हती, सूर्याची होती. दिवस उजाडला की यंत्र सुरू आणि अंधार पडला की बंद, असा प्रघात होता. त्यामुळे उन्हाळ्यात कामाचा दिवस आपोआप लांबत असे. मुंबईच्या कापूस खात्याचे अधिकारी मेजर मूर यांनी १८७२-७३ च्या अहवालात या परिस्थितीकडे लक्ष वेधले. तिकडे इंग्लंडचे कारखाना निरीक्षक अलेक्झांडर रेडग्रेव्ह यांनी तो विषय उचलून धरला आणि लॉर्ड शाफ्ट्सबरींनी १८७५ मध्ये तो ब्रिटिश संसदेत मांडला. त्याच वर्षी मुंबई सरकारने कलेक्टर आर्बथनॉट यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. आयोगावर गिरणीमालकांचे वजन मोठे होते. मुंबईत कायद्याची गरज नाही, असा बहुसंख्य सदस्यांचा निष्कर्ष निघाला. हंगामात कामगार गावी जातात, त्यांना काम नको झाले तर ते सोडतात, मुले आईवडिलांबरोबर सुखात असतात, अशी त्यामागची कारणमीमांसा होती. खुद्द अध्यक्ष आर्बथनॉट आणि डॉक्टर ब्लेनी यांना मात्र साध्यासोप्या का होईना, पण कायद्याची गरज वाटत होती. पुढे सोराबजी शापुरजी बंगाली यांनी स्वतः कायद्याचा मसुदा तयार केला. तो त्यांना मुंबईच्या कायदेमंडळात मांडता आला नाही, म्हणून त्यांनी तो इंग्लंडमध्ये पाठवून तिथे जनमत जागे केले.

१ जुलै १८८१ पासून लागू झालेल्या कायद्यातली प्रत्येक मर्यादा बोलकी आहे. यांत्रिक शक्ती वापरणारा, शंभर किंवा अधिक माणसे कामाला ठेवणारा आणि वर्षातून चार महिन्यांहून अधिक चालणारा कारखानाच या कायद्याखाली येत असे. सात वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवता येणार नव्हते. सात ते बारा वर्षांच्या मुलाकडून नऊ तासांपर्यंत काम घेता येणार होते. त्याला रोज तासभर विश्रांती आणि महिन्यात चार सुट्ट्या मिळायच्या होत्या. धोकादायक यंत्रांना कठडे घालायचे होते आणि अपघाताची खबर द्यायची होती. प्रौढ स्त्री-पुरुषांच्या तासांबद्दल कायद्यात एक अक्षरही नव्हते. या सगळ्याची तपासणी करायची कोणी? निरीक्षक नेमण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांना दिला होता आणि जिथे निरीक्षक नेमला नसेल तिथे जिल्हा मॅजिस्ट्रेट हाच पदसिद्ध निरीक्षक ठरत होता. महसूल, फौजदारी, दुष्काळ आणि रोगराई सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याच्या डोक्यावर गिरणीचे आणखी एक ओझे टाकले गेले. ज्या अधिकाऱ्याला यंत्रातले काही कळत नाही आणि ज्याचे गिरणीमालकाशी सार्वजनिक सभांत रोजचे उठणे-बसणे आहे, त्याच्याकडून खटला भरला जाईल अशी अपेक्षा ठेवणे व्यर्थ होते.

इंग्लंडने हाच धडा आधी शिकून घेतला होता. तिथे १८०२ आणि १८१९ चे कारखाना कायदे स्थानिक मॅजिस्ट्रेटांच्या भरवशावर सोडले होते आणि ते जवळजवळ निष्फळ ठरले. १८३३ च्या कायद्याने पहिल्यांदा पगारी, स्वतंत्र, सरकारला थेट अहवाल देणारे चार निरीक्षक नेमले. लिओनार्ड हॉर्नर हे त्यांच्यातले एक. गिरणीत केव्हाही जाण्याचा, साक्षी घेण्याचा आणि अहवाल प्रसिद्ध करण्याचा अधिकार या चौघांना होता. चार माणसे देशभरच्या गिरण्यांना पुरी पडणे शक्यच नव्हते, पण त्यांच्या छापील अहवालांनी इंग्लंडच्या समाजाला गिरणीचा आतला भाग पहिल्यांदा दाखवला. भारतासाठी कायदा करताना ब्रिटिश सरकारसमोर हा अनुभव होता. तरीही त्याने मुंबईला स्वतःच्या देशातली फसलेली पद्धत दिली आणि यशस्वी झालेली मागे ठेवली. त्याचे परिणाम फार लवकर दिसले. १८८२ मध्ये मीड किंग हे इंग्लंडचे अनुभवी निरीक्षक मुंबईत पाठवले गेले आणि वर्षभरापूर्वीच झालेला कायदा किती तोकडा आहे, हे त्यांच्या अहवालातून समोर आले.

शंभर माणसांची आणि चार महिन्यांची मर्यादा किती घातक होती हे खानदेशात जाऊन पाहावे लागते. तिथले सरकी काढण्याचे जिन हंगामी होते. हंगाम आवरता घेतला किंवा शंभराच्या आत माणसे ठेवली की कायदा लागूच होत नव्हता. या जिनमध्ये मुख्यतः बायका काम करत. हंगामाच्या भरात पहाटेपासून रात्री उशिरापर्यंत, कधी तर रात्रंदिवस काम चाले, हे १८८४-८५ च्या मुंबई आयोगापुढे आणि त्यानंतरच्या अहवालांत नोंदले गेले. कापसाची धूळ आणि सलग जागरण यांनी शरीर पोखरणाऱ्या या कामाबद्दल कायद्याला काहीच म्हणायचे नव्हते, कारण कायद्याच्या व्याख्येनुसार तो कारखानाच नव्हता. ज्या ठिकाणी शोषण सर्वांत तीव्र, तेच ठिकाण व्याख्येच्या बाहेर, हा प्रकार इथे पहिल्यांदा दिसतो आणि पुढे दीडशे वर्षे तो पाठ सोडत नाही.

निरीक्षकाच्या पद्धतीला पहिला जिवंत आधार मिळाला तो कामगारांकडून. नारायण मेघाजी लोखंडे हे महात्मा फुले यांचे सहकारी, सत्यशोधक चळवळीतले कार्यकर्ते आणि ‘दीनबंधु’चे संपादक. एका गिरणीत भांडारपाल म्हणून काम केल्याने गिरणी त्यांना आतून माहीत होती. सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांनी मुंबईत कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन आयोगापुढे ठेवले. त्यातल्या मागण्या आज वाचल्या तरी त्यांची नेमकी मांडणी लक्षात येते. दर रविवारी सुट्टी असावी. दुपारी अर्धा तास विश्रांती मिळावी. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावे. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत हातात पडावा. कामावर जखमी झालेल्या कामगाराला बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा आणि जो जन्माचा अधू होईल त्याच्या उदरनिर्वाहाची सोय व्हावी. यातली शेवटची मागणी विशेष महत्त्वाची आहे. अपघाताची किंमत कामगाराने एकट्याने मोजावी हे या कामगारांना मान्य नव्हते. अपघाताच्या भरपाईचा कायदा भारतात आला तो १९२३ मध्ये. म्हणजे परळ-लालबागच्या कामगाराने कायदेपंडितांच्या सुमारे चाळीस वर्षे आधी हा प्रश्न नीट मांडला होता. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीला दहा हजारांच्या आसपास कामगार जमले, त्या सभेत स्त्री कामगारांनीही भाषणे केली आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालक संघाने रविवारची साप्ताहिक सुट्टी मान्य केली. त्याच वर्षी नेमलेल्या कारखाना आयोगाच्या मुंबईतल्या कामात सोराबजी बंगालींच्या जोडीला लोखंडेही होते. १८९१ चा कायदा यातून जन्मला. कामगारांची मर्यादा शंभरावरून पन्नासावर आली आणि प्रांतिक सरकारला ती वीसपर्यंत उतरवण्याची मुभा मिळाली. मुलांचे किमान वय नऊ झाले, स्त्रियांचे काम अकरा तासांवर आले आणि साप्ताहिक सुट्टीला कायद्याचा आधार मिळाला.

या इतिहासावरचा सर्वांत गंभीर आक्षेप त्याच काळात घेतला गेला होता. कारखाना कायदा हा लँकशायरच्या कापड उद्योगाचा डाव आहे, असे मुंबईचे मालक आणि राष्ट्रवादी वृत्तपत्रे म्हणत होती. पुण्याच्या ‘मराठा’चा सूरही हाच होता. या म्हणण्याला पुरावा होता. मँचेस्टरच्या दबावाखाली १८८२ मध्ये कापडावरची आयात जकात रद्द झाली आणि १८९६ मध्ये भारतीय गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के अबकारी कर बसला. जो उद्योग हे करवून घेऊ शकतो तो मुंबईच्या कामाचे तास कमी करायला का धडपडतो, हा प्रश्न विचारणे रास्तच होते. लँकशायरचा हेतू शुद्ध नव्हता हे मान्य करूनही दोन गोष्टी उरतात. पहिली, हेतू वाईट असला म्हणून साक्ष खोटी ठरत नाही. मुलांच्या वयाची आणि जिनमधल्या जागरणाची वस्तुस्थिती मँचेस्टरने निर्माण केलेली नव्हती. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे. मागणी इथल्याच माणसांनी केली होती. साडेपाच हजार सह्या लँकशायरने गोळा केल्या नव्हत्या. देशाच्या उद्योगाचे हित आणि गिरणीमालकाचे हित एकच आहे असे धरून चालले, तरच कामगारांची बाजू परक्यांची ठरते. लोखंड्यांनी हे गृहीतक नाकारले. राष्ट्राच्या हिताची त्यांची कल्पना त्यांच्या टीकाकारांपेक्षा अधिक व्यापक होती, कारण तिच्यात साच्यापुढे उभा राहणारा माणूसही धरलेला होता.

दुसरा आक्षेप असा घेतला जातो की परिस्थिती सुधारते ती यंत्रे सुधारल्याने आणि उद्योगाची भरभराट झाल्याने. निरीक्षकाचे त्यात काही नसते. या म्हणण्याची परीक्षा मुंबईतच झाली. विजेचे दिवे हे त्या काळातले सर्वांत नवे तंत्रज्ञान होते. गिरण्यांत ते आल्यावर कामाचा दिवस आखूड झाला नाही. त्याची शेवटची नैसर्गिक मर्यादा, म्हणजे अंधार, नाहीशी झाली. १९०५ च्या सुमारास कापडाच्या तेजीत कित्येक गिरण्या दिवसाला चौदा-पंधरा तास चालू लागल्या. त्यावर वृत्तपत्रांत जोरदार टीका झाली आणि कामगारांनीही विरोध केला. म्हणजे भरभराट आणि नवे तंत्र एकत्र आले तेव्हा कामगाराच्या वाट्याला दीर्घतर दिवस आला. हवेचीही तीच कथा. सूत तुटू नये म्हणून साचेखात्यात वाफ सोडून दमटपणा राखला जात असे. सुताला जे हवे तेच माणसाला गुदमरवत होते. या प्रश्नाचा शास्त्रीय अभ्यास पहिल्या महायुद्धानंतर टी. मलोनी यांनी केला, आणि उष्णता-दमटपणा किती असावा याचे नियम त्यानंतर आकाराला आले. उत्पादन वाढवणारे तंत्र कामगाराचे आरोग्य आपणहून राखते, याला मुंबईच्या इतिहासात आधार मिळत नाही. त्या तंत्राला मर्यादा घालावी लागली, आणि मर्यादा पाळली जाते का हे पाहायला माणूस पाठवावा लागला.

ही पाहणी किती कच्ची होती याचा अधिकृत कबुलीजबाब १९०८ च्या कारखाना आयोगाने दिला. त्याआधी फ्रीअर-स्मिथ समितीने कापड गिरण्यांची पाहणी केली होती. मॉरिसन यांच्या अध्यक्षतेखालच्या आयोगाने देशभर फिरून सतरा वर्षांपूर्वीचा कायदा कसा पाळला जातो हे तपासले. अनेक ठिकाणी कायदा सर्रास मोडला जात असल्याचे त्याला आढळले: नऊ वर्षांखालची मुले कामावर, अर्धवेळ मुलांकडून पूर्णवेळ काम. कारणही स्पष्ट होते. पदसिद्ध निरीक्षकांकडे ना वेळ होता ना जाण. जन्मनोंदी नसलेल्या देशात मुलाचे वय डॉक्टरने दात आणि अंगकाठी पाहून ठरवायचे, आणि दाखला असला की निरीक्षक पुढे सरकायचा. आयोगाने पूर्णवेळ, केवळ याच कामासाठी नेमलेल्या निरीक्षकांची शिफारस केली. प्रौढ पुरुषांच्या कामाचे तास थेट बांधून टाकावेत, हे मात्र आयोगाच्या बहुमताने मानले नाही, डॉक्टर टी. एम. नायर यांनी एकट्याने भिन्नमत नोंदवून ती मागणी केली आणि १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांपुरती बारा तासांची मर्यादा घालून अखेर त्यांचेच म्हणणे स्वीकारले. आयोगापुढे मालकांनी, आणि काही कामगारांनीही, असे सांगितले होते की तास कमी केले तर मजुरी बुडेल आणि कामगारालाच ते नको आहे. या युक्तिवादात एक खरी भीती होती, कारण मजुरी कामाच्या नगावर ठरत असे. पण ज्याला कमी तासांत पोट भरण्याइतके मिळतच नाही, त्याने अधिक तास मागितले तर त्याला संमती म्हणता येत नाही. तास मर्यादित झाले तेव्हा मजुरीचा प्रश्न त्यानंतरच्या संपांनी आणि संघटनांनी लढवला, आणि तो तिथेच लढवला जायला हवा होता. आरोग्य गहाण टाकून सुटणारा तो प्रश्न नव्हता.

पहिल्या महायुद्धानंतर खरी गती आली, आणि ती तीन गोष्टी एकत्र आल्याने आली. १९१९ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटना स्थापन झाली, १९२० मध्ये आयटक ही देशव्यापी कामगार संघटना उभी राहिली आणि मुंबईत मोठे संप झाले. १९२२ च्या कायद्याने आठवड्याचे तास साठांवर आणले, मर्यादा वीस कामगारांवर उतरवली, मुलांचे किमान वय बारा केले आणि दंड पाचशे रुपयांपर्यंत वाढवला. १९२९ मध्ये व्हिटली यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या शाही श्रम आयोगात कामगार नेते ना. म. जोशी हे सदस्य होते. या आयोगाने कायद्याबाहेरच्या कारखान्यांकडे विशेष लक्ष दिले आणि पाच वर्षांची मुले दहा-बारा तास काम करत असल्याचे नोंदवले. १९३४ च्या कायद्याने बारमाही कारखान्यांत दहा तासांचा दिवस आणि चोपन्न तासांचा आठवडा आणला, १९४६ मध्ये तो अठ्ठेचाळीस तासांवर आला. स्वतंत्र भारताचा १९४८ चा कारखाना अधिनियम १ एप्रिल १९४९ पासून लागू झाला आणि त्याच महिन्यात भारताने श्रम तपासणीविषयीचा एक्याऐंशी क्रमांकाचा आंतरराष्ट्रीय करार मान्य केला. त्या करारात दोन वाक्ये मुंबईच्या साऱ्या अनुभवाचे सार असावे अशी आहेत: निरीक्षकाला दिवसा वा रात्री केव्हाही, पूर्वसूचना न देता कामाच्या जागी जाता यावे, आणि तक्रार कोणी केली हे त्याने कोणालाही सांगू नये. पहिली अट मालकाला सावरासावर करायला वेळ देत नाही, दुसरी कामगाराला बोलायला बळ देते.

१९४८ च्या अधिनियमात मात्र एक गाठ तशीच राहिली. या कायद्याखालच्या गुन्ह्याची दखल न्यायालयाने घ्यायची ती निरीक्षकाच्या तक्रारीवरून किंवा त्याच्या लेखी पूर्वपरवानगीनेच, आणि सर्वसाधारणपणे गुन्हा निरीक्षकाला कळल्यापासून तीन महिन्यांच्या आत. कामगाराला किंवा संघटनेला थेट न्यायालयात जाता येत नव्हते. सारी अंमलबजावणी एका अरुंद दारातून जात असे आणि त्या दाराची किल्ली एकाच माणसाकडे होती. तो माणूस प्रामाणिक आणि सक्षम असला, त्याच्याकडे वेळ असला, तर व्यवस्था चालत असे. नसला तर पूर्ण थांबत असे. भोपाळने हे भीषण रीतीने दाखवले. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या रात्री वायुगळती झाली तेव्हा तपासणी करणाऱ्या खात्याकडे रासायनिक कारखान्याचे धोके ओळखण्याइतके मनुष्यबळही नव्हते आणि तज्ज्ञताही नव्हती. त्यानंतर १९८७ च्या दुरुस्तीने धोकादायक प्रक्रियांसाठी स्वतंत्र प्रकरण घातले, सुरक्षिततेच्या व्यवस्थापनात कामगारांचा सहभाग मान्य केला आणि सर्वसाधारण गुन्ह्यांची शिक्षा दोन वर्षे कैद किंवा एक लाख रुपये दंडापर्यंत वाढवली. कलमे कडक झाली. पण कारखान्यात जाऊन पाहणाऱ्यांची फळी उद्योगाच्या वाढीच्या मानाने वाढली नाही. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत मे २०१६ मध्ये आणि पुन्हा मे २०२४ मध्ये झालेल्या स्फोटांनंतर याच प्रश्नाची चर्चा नव्याने करावी लागली.

दरम्यान खानदेशच्या जिनमधली युक्ती नव्या रूपात सर्वत्र पसरली. विडी उद्योगावर १९४८ चा कायदा लागू होताच कारखान्यातले काम ठेकेदारामार्फत घरोघरी गेले; घरात विड्या वळणाऱ्या बाईच्या फुप्फुसात जाणारी तंबाखूची धूळ तीच राहिली, पण निरीक्षकाचे दार नाहीसे झाले. त्यावर १९६६ मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपानंतर मुंबईच्या संघटित गिरण्या ओस पडत गेल्या आणि कापड भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागांवर अधिकाधिक विणले जाऊ लागले. तिथे एका छपराखालचे माग वेगवेगळ्या नावांवर दाखवले की कामगारसंख्या मर्यादेखाली राहते. १८८१ चा शंभरचा आकडा बदलून दहा-वीस झाला, पण आकड्याच्या आडून निसटण्याची रीत बदलली नाही. म्हणूनच २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने वीज वापरणाऱ्या कारखान्याची मर्यादा दहावरून वीसवर आणि वीज न वापरणाऱ्याची वीसवरून चाळीसवर नेली, ही तांत्रिक बाब समजून सोडून देता येत नाही. कारखान्याची मर्यादा वर सरकवणे म्हणजे १८९१ पासून जी दिशा होती ती उलटवणे.

या बदलांचे समर्थन करणाऱ्यांचा युक्तिवाद मात्र ऐकून घ्यायला हवा, कारण त्यात तथ्य आहे. निरीक्षक हप्ता मागतो, लहान उद्योजकाला कागदपत्रांच्या चुकांवरून छळतो, मोठ्याला सोडून छोट्याला धरतो, ही तक्रार निराधार नाही. म्हणून २०१४ पासून केंद्राच्या अखत्यारीत संगणकाने सोडत काढून तपासणी ठरवणे सुरू झाले, स्वयंप्रमाणीकरणाच्या योजना आल्या आणि नव्या संहितेत निरीक्षकाला सुविधाकर्त्याचीही भूमिका दिली गेली. निरीक्षकाने कोणत्या कारखान्यात जायचे हे त्याच्या मर्जीवर न सोडणे हा योग्यच उपाय आहे. सल्ला देणेही निरीक्षकाचे काम आहे. १८३३ च्या इंग्लंडमध्येही ते होते. पण भ्रष्टाचारावर उपाय म्हणून तपासणीच विरळ करणे आणि मालकाच्या स्वतःच्या प्रमाणपत्रावर भिस्त ठेवणे हा प्रयोग आपल्याकडे होऊन गेलेला आहे. १८८१ नंतरचा पदसिद्ध निरीक्षक कोणालाही छळत नव्हता. तो क्वचितच येत असे, मालकाच्या सांगण्यावर विश्वास ठेवत असे आणि सहसा खटले भरत नसे. सत्तावीस वर्षांनी आयोगाला जे दिसले ते त्या सौजन्याचे फळ होते. लाच घेणारा निरीक्षक आणि न येणारा निरीक्षक यांचा कामगारावर होणारा परिणाम सारखाच असतो. तेव्हा पहिल्याच्या जागी दुसरा आणणे ही सुधारणा ठरत नाही.

मग भ्रष्ट निरीक्षकाला आवर कसा घालायचा? याचेही उत्तर इतिहासात आहे. हॉर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे बळ त्यांच्या छापील अहवालात होते, आणि मुंबईच्या १८८४ च्या आयोगाचे बळ लोखंड्यांनी आणलेल्या साक्षींत होते. निरीक्षकाने काय पाहिले हे लपून राहिले नाही आणि जे त्याला दिसले नाही ते सांगणारे कोणी तरी होते, तिथे लाचेला जागा उरली नाही. आज हे करणे पूर्वीपेक्षा सोपे आहे. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाचा प्रत्येक तपासणी अहवाल मराठीत, कारखान्याच्या दारावर आणि संगणकावर, सर्वांना वाचता येईल असा लावता येईल. तपासणीच्या वेळी कामगारांचा प्रतिनिधी निरीक्षकाबरोबर असेल, कंत्राटी कामगारही त्यात धरला जाईल, अशी तरतूद करता येईल. गुन्ह्याच्या तक्रारीत निरीक्षकाची मक्तेदारी राहू न देता संघटनेला आणि मृत कामगाराच्या वारसाला न्यायालयाचे दार उघडता येईल. आणि धोका मोजायचा तो कामगारांच्या संख्येवर न मोजता कामाच्या स्वरूपावर मोजता येईल, म्हणजे आठ माणसांचा रासायनिक कारखाना कायद्याबाहेर राहणार नाही. कारखानदारी थांबेल असे यात काही नाही. रविवारची सुट्टी दिली तर गिरण्या बुडतील असे मानणारे १८९० मध्येही होते. त्यानंतरही मुंबईत गिरण्या वाढल्या.

संरक्षणाचे कायदे वरून आले असे आपल्याला शाळेपासून शिकवले जाते: अमुक साली अमुक कायदा, अमुक तरतुदी. मुंबईचा पुरावा वेगळे सांगतो. प्रत्येक कायद्याआधी कोणी तरी आत जाऊन पाहिले होते आणि आतल्या कोणी तरी बाहेर येऊन सांगितले होते. मूर, मीड किंग आणि नायर यांनी पाहिले. साडेपाच हजार सह्या करणाऱ्यांनी आणि महालक्ष्मीच्या सभेत बोललेल्या बायकांनी सांगितले. ही दोन कामे जोडीने झाली तेव्हा कायदा पुढे गेला आणि पाळला गेला. एकटे राहिले तेव्हा निरीक्षक शोभेचा आणि कामगार असहाय ठरला. म्हणून कारखान्याच्या सुरक्षिततेची चर्चा दंडाच्या रकमेपाशी किंवा प्रमाणपत्राच्या नमुन्यापाशी थांबू नये. न सांगता येणारा निरीक्षक आणि न घाबरता बोलणारा कामगार या दोघांना एकमेकांपासून दूर नेणारा कोणताही बदल, त्याचे नाव कितीही सुधारणेचे असो, कामगाराच्या जिवावर बेततो. हा निष्कर्ष आपल्याच शहरातल्या गिरण्यांनी काढून दिलेला आहे, आणि त्याची किंमत त्या गिरण्यांतल्या माणसांनी आधीच भरलेली आहे.